म्हैसबुडीचं पाणी

मी संशयी आहे. हे माझ्या नवऱ्यानं सांगून झालं, सुनेनं सांगून झालं, आणि उमरीच्या शाळेत माझ्यासोबत शिकवणाऱ्या बाया तर तोंडावरच म्हणायच्या. दुधवाल्यानं एखाद्या दिवशी माप जरा सढळ घातलं तर मला आनंद होत नाही. मी म्हणते, कुठंतरी पाणी मुरतंय. दुधाच्या बाबतीत ते खरंच मुरलेलं असतं, ती गोष्ट वेगळी. पण हा स्वभाव मला कुठून लागला ते मला पक्कं मालूम आहे. आमच्या गावाखाली एक जागा होती, तिथं खरोखरचं पाणी मुरायचं.

चाकूरहून उदगीरकडं जाताना आमचं गाव लागतं. गाव उंचावर, त्याच्या खाली आमची बौद्धांची वस्ती, आणि वस्तीच्याही खाली म्हैसबुडी. वरचं सगळं पाणी, ओढ्याचं असो की मोरीचं, शेवटी तिथं येऊन बसायचं आणि उठायचं नाव घ्यायचं नाही. लांबून बघाल तर हिरवंगार रान. लव्हाळा, पुरुषभर उंच पाणकणीस, मधून चालणारे बगळे. बगळा चालतो म्हणून माणूसही चालेल असं वाटायचं, आणि तिथंच घात व्हायचा. कुण्या काळी कुणाची तरी दुभती म्हैस त्या हिरव्याला भुलून आत गेली आणि शिंगांसकट दिसेनाशी झाली, म्हणून नाव म्हैसबुडी. म्हैस कुणाची, हे मात्र कुणाला सांगता यायचं नाही. मला त्या म्हशीचाही संशय येतो.

माझे वडील, म्हणजे आमचा बा, दुसरी गोष्ट सांगायचा. रझाकारांच्या धामधुमीत गाव पळालं आणि म्हैसबुडीच्या पाणकणसात जाऊन बसलं. गळ्याइतक्या चिखलात. रझाकारांची घोडी आत पाय टाकीनात, म्हणून माणसं वाचली. "वरच्या आळीतले आन आपले एकाच चिखलात बसले हुते," बा म्हणायचा, "भाईर निघाल्यावर त्येंनी आंघोळ केली ती चिखलाची न्हाई, आपली." असं म्हणून तो हसायचा. मला हसू यायचं नाही, राग यायचा. अजून येतो.

पुढं मी नांदेडला शिकले, पुस्तकं वाचली. पुस्तकांत दलदल लई. दारिद्र्याची दलदल, अज्ञानाची दलदल, मोहाची दलदल. लिहिणाऱ्याचा पाय कधी घोट्याच्या वर चिखलात गेलेला नाही, हे मला वाचताक्षणी कळायचं. वस्तीत भाषणाला येणारेही चिखलातल्या कमळाचं सांगायचे, आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. म्हैसबुडीत मी जन्मात कमळ पाहिलं नाही. जळवा पाहिल्या.

आता मूळ गोष्ट. बहात्तरच्या दुष्काळातली.

तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबाद. लातूर म्हणजे नुसतं बाजाराचं गाव. त्या साली म्हैसबुडीसुद्धा वरून वाळली. पाणकणीस पिवळं पडलं, चिखलावर पापुद्रा धरला, त्यावर पांढरं पांढरं मीठ फुटलं. सगळी माणसं खडी फोडायला जायची, रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खायची. गावच्या विहिरीवर आम्हाला हात लावायची सोय नव्हती. घागर खाली ठेवून उभं राहायचं, वरच्यानं ओतलं तर पाणी. एरवी ओतायचे. त्या साली त्यांच्याच घागरी भरेनात, तर आमच्यात कोण ओततो! माझी माय दिवस दिवस तिथं बसून रिकामी यायची.

अशात सरकारनं आमच्या वस्तीला वेगळी विहीर मंजूर केली. जागा कुठली द्यायची, तर वरच्या आळीतल्या थोरामोठ्यांनी लगेच हात मोकळा सोडला. म्हैसबुडीच्या काठची पडीक जमीन. "घ्या की, अगदी तुमच्या दारात हाय. आमचं काय जातं?" म्हणाले.

माझ्या मनात पाल चुकचुकली. बांधावरची बोर तोडली तरी शिव्या घालणारी माणसं जमीन देतात, आणि हसून देतात? मी घरात बोलले, तर माय खेकसली, "तुला तर देव दिला तरी तू त्याचं आधारकार्ड तपासशील," असं आजच्या सुना म्हणतात ना, तसंच काहीसं तिच्या भाषेत. मी तेव्हा लग्नाच्या वयाची पोर. माझं कोण ऐकतो?

त्याच उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावाचं लग्न झालं होतं. वैनी बिदरच्याही पलीकडची. तिचा मामा उदगीरला हमाली करायचा, त्यानं सोयरीक जमवली होती. मामाला मराठी फाडफाड येत होतं, म्हणून आम्हाला वाटलं पोरीलाही येत असेल. आली तर काय! सगळं कानडी. ती आमच्याकडं बघून हसायची, आम्ही तिच्याकडं बघून हसायचो. ती मला अक्का म्हणायची. तेवढा एक शब्द दोघींच्या भाषेत सारखा होता, आणि त्या एका शब्दावर आम्ही चुलीपुढं कितीतरी बसलो.

विहिरीची जागा बघायला वस्तीतले सगळे म्हैसबुडीच्या काठावर जमले. नेमकं कुठं खांदायचं, यावर वाद सुरू झाला. तेवढ्यात मायनं ठेवणीतला दागिना काढावा तशी गोष्ट काढली. लग्नात मामा तिला म्हणाला होता की, पोरगी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना पायाकडून आलेली. अशा माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, असं आमच्याकडं सगळे मानतात.

वस्तीतला एक म्हातारा चिडला. "छप्पन साली हे सगळं सोडलं ना आपण? आता पुन्हा पायाळू?"

"सोडलं की," दुसरा म्हणाला, "पर तहान कुठं सुटली?"

मग वैनीला बोलावणं गेलं.

ती डोक्यावरचा पदर ओढून आली. मामंजी पुढं, दीर, चुलत दीर, सगळी पुरुषमंडळी पुढं. मायनं खुणेनं जमीन दाखवली. वैनी अनवाणी त्या पापुद्र्यावरून चालली. टाच रोवून बघितली. मग खाली बसून तिनं चिमूटभर माती जिभेला लावली, थुंकली, आणि म्हणाली, "जवळु."

"काय?"

"जवळु, जवळु!" तिनं जमिनीकडं बोट केलं.

"जवळ!" कुणीतरी ओरडलं. "पाणी जवळ हाय म्हंती!"

मग काय विचारता! पोरं नाचायला लागली. वैनी जोरात मान हलवून म्हणत होती, "अल्ल, अल्ल!" माय म्हणाली, "बघा, अल्लाचं नाव घेती लेकरू. तिकडं बिदरला दर्गे लई हायेत." आणि सणाला ठेवलेला गुळाचा खडा तिनं घरातून पळत जाऊन आणला आणि सगळ्यांसमोर सुनेच्या तोंडात घातला. दुष्काळातला गूळ तो! पण वैनीचं तोंड असं झालं होतं, जणू कुणी कडूनिंबाचा पाला चारलाय. खूश झालेली बाई असं तोंड करत नाही. हे मी बघितलं आणि मनात धरून ठेवलं.

सांजच्याला चुलीपुढं मी तिला विचारलं, "वैनी, काय झालं गं?" तिनं माझा हात धरला, म्हैसबुडीकडं दाखवलं, आणि दोन्ही हातांनी स्वतःचा पाय ओढून दाखवला. मला वाटलं, उन्हात अनवाणी चालून पाय दुखतोय. मी गोडेतेलाचे चार थेंब चोरून काढले आणि तिच्या पायाला चोळून दिले. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग रडायला लागली. माहेरची आठवण आली असेल म्हणून मी तिला थोपटलं. अशी आमची गंमत.

विहीर सुरू झाली. वरचा पापुद्रा कुदळीनं फुटेना, पण खाली माती मऊ, आणखी खाली ओली. गडी पैज लावून खांदत होते. माझा भाऊ सगळ्यांत पुढं. बायको पायाळू निघाली, त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. पुरुषभर खोल गेल्यावर तळातून पाणी पाझरायला लागलं आणि वस्ती काठावर लोटली. बायांनी घागरी आणल्या. माझ्या मायनं तर घागर घासून आणली होती. तिचा चेहरा तसा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. वाईट वाटतं आठवलं की.

आणि भाऊ खालून म्हणाला, "आरं, पाय निघंना."

आधी सगळे हसले. त्यानं एक पाय उपसला तर दुसरा मांडीपर्यंत गेला. तळ नुसता काला होऊन हलत होता. बाकीचे गडी काठाला धरून वर आले, तो मधोमध होता. एका बाजूची माती ढासळली आणि त्याच्या कमरेशी येऊन बसली. आता कुणी हसेना. तो वर बघून "माय, माय" करायला लागला.

वैनी भाकरी घेऊन येत होती. तिनं टोपलं तिथंच टाकलं आणि धावत, ऊर फुटेस्तोवर ओरडत आली, "जवळु! जवळु! जवळु!"

झालं! जवळ म्हटल्यावर माणसं जवळ धावली. सगळी वस्ती काठावर. जेवढी माणसं काठावर, तेवढी माती खाली. दुसरी बाजूही सुटली आणि भावाच्या छातीला लागली. वैनी आणखी मोठ्यानं "जवळु" म्हणायची आणि माणसं आणखी जवळ यायची. माझाही पाय उचलला होता. पण माझी नजर तिच्या हातांवर होती. दोन्ही हातांनी ती माणसांना मागं ढकलत होती. एकाला तर तिनं चावलं. तोंड म्हणत होतं जवळ आणि हात म्हणत होते लांब. मी म्हटलं, यातलं एक खोटं आहे. आणि घाबरलेल्या माणसाचे हात खोटं बोलत नाहीत.

"मागं सरा!" मी किंचाळले. "मागं सरा रे मुडद्यांनो! ती मागं सरा म्हंती!"

माझा आवाज तेव्हापासूनच शाळेच्या मैदानावर पुरेल असा आहे. माणसं दचकून मागं हटली आणि माती थांबली. वैनीनं माझ्याकडं एकदा बघितलं, नुसतं एकदाच, आणि आमच्या घराकडं पळाली. मी मागोमाग. तिनं अंगणातली बाज उचलली, मी शेजारची उचलली. तिनं बाज त्या काल्यावर आडवी सोडली आणि मामंजीसमोर, दिरांसमोर, पदर कुठं, लुगडं कुठं, त्यावर पालथी पडून सरपटत नवऱ्याजवळ गेली. त्याची छाती बाजेवर टेकवली, काखेतून दोर घातला. मग हात करून खुणावलं, लांबून ओढा, सावकाश. तो निघाला. गुडघा सुजून भोपळा झाला होता, पण जिता निघाला.

आता तुम्हाला वाटेल, वैनीला वस्तीनं डोक्यावर घेतलं असेल. छे! माणसं आधी घाबरतात, मग रागावतात, आणि राग काढायला जवळचं माणूस शोधतात. विहीर गेली होती. पाणी तर गेलंच, आता सरकार दुसरी देणार नाही, हे सगळ्यांना कळलं होतं. वरच्या आळीतला एकजण येऊन बघून गेला आणि जाताना म्हणाला, "तुमच्याच सुनेनं जागा दाखवली म्हणं?" एवढं बोलून तो गेला. त्या एका वाक्यानं काडी लावली.

बोलणी विहारासमोर झाली. तिनंच जवळ म्हणून सांगितलं. दोनदा सांगितलं. माणूस आत अडकल्यावरही सगळ्यांना जवळ बोलावलं, सगळ्यांनाच गाडायचं होतं की काय! आणि हिला चिखलातून माणूस काढायचं इतकं बरं कसं येतं? कोण जाणे काय शिकून आली. मी मधे पडले. "तो शब्द आपला न्हाई," म्हटलं, "हात बघा म्हंते मी तिचे!" तर एकजण म्हणाला, "तुला लई कानडी येतं!" मला खरंच येत नव्हतं. आणि माझा भाऊ बाजेवर पडून आढ्याकडं बघत होता. जिनं ओढून काढलं तिच्यासाठी त्याच्या तोंडून शब्द निघेना. त्या क्षणी वाटलं, याला परत नेऊन टाकावं म्हैसबुडीत.

बा उठला. "सकाळी तिला उदगीरच्या गाडीत बसवतो. मामाकडं," म्हणाला. कायमची, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. माय एवढी बोलकी बाई, पण तिनंही वैनीचं गाठोडं मुकाट बांधलं.

सकाळी बा पुढं, वैनी मधे, मी मागं, असे आम्ही सडकेला आलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. थांब्यावर झाडाखाली एक घोंगडीवाला बसला होता. दर साली यायचा, मराठी मोडकं बोलायचा, आणि घासाघीस करताना चिडला की कानडीत पुटपुटायचा. त्याच्या शिव्या आम्हा पोरींना पाठ होत्या. मी सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"मामा, तुमच्यात जवळु म्हंजी काय हो?"

"जवळु?" तो म्हणाला. "पाणी मुरून मुरून सडलेली जमीन, बाई. वर मीठ फुटतंय, आत पाय धरतंय. तिकडं आमी बैल बी घालत न्हाई." मग बाच्याकडं बघून हसला. "कामून? जवळु इकत घेऊन राहिले काय?"

बा जागच्या जागी उभा राहिला.

आणि वैनीला काय झालं! कानावर तिची भाषा पडली तशी ती त्या घोंगडीवाल्यापुढं बसली आणि बोलायला लागली. थांबेच ना. इतकं बोलणारी बाई आमच्या घरात मुकी बसली होती! हात नाचवत होती, डोळे पुसत होती, मधेच माझ्याकडं बोट करून अक्का म्हणत होती. घोंगडीवाल्याचं हसू हळूहळू गेलं.

"ती म्हंती," तो बाला म्हणाला, "माज्या बापाचं रान तसलंच हाय. माजा धाकटा भाऊ तिथंच गेला. आमी बाज घेऊन पळालो, पर उशीर झाला. म्हून पहिल्या दिवशीच सांगितलं, हितं खांदू नका. अल्ल, म्हंजी न्हाई, न्हाई म्हणून सांगितलं. हितं मरण हाय म्हणलं." तो थांबला. "आन तुमी मला गूळ चारला, म्हंती."

तेवढ्यात उदगीरची गाडी आली. धूळ उडवत थांबली. कंडक्टरनं दार उघडलं, "चला लवकर, बसायचं का न्हाई?" बानं हात हलवून त्याला जायला सांगितलं. मग तो वाकला, वैनीचं गाठोडं उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलं. सुनेचं गाठोडं सासऱ्याच्या डोक्यावर! अख्खी वस्ती दारात उभी राहून बघत होती आणि बा मान ताठ ठेवून मधून चालत गेला. घरी येऊन त्यानं ते चुलीजवळ ठेवलं. माफी मात्र मागितली नाही. मला त्याचा राग आला होता. वैनीला आला होता की नाही, ते तिनं मला कधी सांगितलं नाही.

वरच्या आळीला ती जागा कसली आहे, हे माहीत होतं का? मला विचाराल तर होतं. त्यांचेच आजे-पणजे तिथं गळ्याइतके बसले होते. पण पुरावा काय? पाणी मुरतं तेव्हा दिसत थोडंच.

पुढं पाऊस आला, म्हैसबुडी पुन्हा हिरवी झाली. वैनी मराठी शिकली, आणि अशी शिकली की भांडणात मला हार जाईना. चारचौघांत जवळ हा शब्द मात्र ती तोंडातून काढायची नाही. शेजारी म्हणायची, लगत म्हणायची, हाकेवर म्हणायची.

मग लातूर जिल्हा झाला. ढोल वाजले, पेढे वाटले. उस्मानाबादचे हेलपाटे संपले, म्हणून बा खूश झाला. नव्या जिल्ह्याच्या जीपगाड्या कधी न दिसलेल्या गावांतून फिरायला लागल्या. मी तेव्हा सुट्टीत माहेरी आले होते. एक जीप आमच्या वस्तीपुढं थांबली आणि एक तरणा, सभ्य साहेब उतरला. वस्तीला पक्की घरं द्यायची होती. गावकऱ्यांनी जागाही सुचवली होती म्हणे. त्यानं बोट केलं. म्हैसबुडी.

वस्तीतल्या पोरांना घराचं ऐकून आनंद झाला होता, त्यांना कुठलं काय आठवतंय! मी तोंड उघडणार तेवढ्यात बा काठी टेकत पुढं आला. म्हातारा झाला होता, दात गेले होते.

"साहेब," तो म्हणाला, "ती जागा जवळु हाय."

"जवळ आहे ना?" साहेब हसला. "मग चांगलंच की, बाबा!"

बानं काठी अशी आपटली की जीपचा ड्रायव्हर खाली उतरला.

"जवळ न्हाई! जवळु! आमच्या सुनेचा शब्द हाय त्यो. त्येचा अर्थ न कळून माजा ल्योक गाडला गेला असता, आन जिनं वाचवला तिलाच मी गाडीत बसवाया निघालो हुतो. कळलं? तितं माणूस ऱ्हात न्हाई. तितं मरण ऱ्हातंय."

साहेब भांबावून आमच्याकडं बघायला लागला. वैनी दारात उभी होती. ती आत गेली. डब्याचं झाकण वाजलं. बाहेर आली, पदर नीट केला आणि सगळ्यांसमोर, साहेबासमोर, बाच्या हातावर तिनं गुळाचा खडा ठेवला.

बानं त्या खड्याकडं बघितलं. मग तो तोंडात टाकला, आणि डोळे वाहत असताना चघळत चघळत साहेबाला म्हणाला, "दुसरी जागा दाखवा."